लिव्हर कॅन्सरच्या रेडिएशननंतर रक्तात काय बघायचं: खान्देशातून या कामात येणाऱ्यांसाठी

बायोकेमिस्ट्री, बायोटेक नाहीतर डीएमएलटी झालं की आपल्याकडची पोरंपोरी एकतर पॅथॉलॉजी लॅब बघतात नाहीतर एमआरची नोकरी. कॅन्सरच्या ट्रीटमेंटवर रक्तातून लक्ष ठेवणं हे पण एक अख्खं काम आहे आणि त्यात जळगाव-धुळे-नंदुरबारची माणसं लागतात, हे कॉलेजात कोणी सांगतच नाही. मी आपल्या बहिणाबाई विद्यापीठातून एमएस्सी करून जळगावातच या कामात आले, लिव्हर कॅन्सरचे पेशंट हा माझा मुख्य भाग, म्हणून नवीन येणाऱ्यांना आधीच माहीत असलेलं बरं ते लिहितेय.

आधी पेशंट समजून घ्या. चोपडा, यावल, साक्री, शहादा अशा तालुक्यांतून माणूस येतो, कुणाला जुना हिपॅटायटिस बी, कुणाची वर्षानुवर्षांची दारू, कुणाला शुगर आणि फॅटी लिव्हर, म्हणजे गाठ होण्याआधीच बहुतेकांचं लिव्हर सिरोसिसने खराब झालेलं असतं. (बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका यातलं अफ्लाटॉक्सिन हेही लिव्हर कॅन्सरचं सिद्ध झालेलं कारण आहे, आपल्या भागात हे घराघरात सांगायला पाहिजे.) रेडिएशन मोठ्या सेंटरला होतं, एसबीआरटी (नेम धरून मोठ्या डोसचं रेडिएशन) असेल तर साधारण ३ ते ५ सिटिंगमध्ये संपतं, मग माणूस गावी येतो आणि पुढचं रक्त तालुक्याच्या लॅबमध्ये दिलं जातं. मशीन मुंबईला असलं तरी लक्ष ठेवायचं काम इथंच होतं.

बघायच्या गोष्टी दोनच. गाठ मरतेय का, आणि उरलेलं लिव्हर तग धरतंय का. कोणतीही टेस्ट समोर आली की ती यातल्या कोणत्या प्रश्नाची आहे ते आधी ठरवा, निम्मा गोंधळ तिथंच संपतो.

गाठीसाठी पहिलं नाव एएफपी, म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन, लिव्हरची गाठ रक्तात सोडते ते प्रोटीन. याचं हाफ-लाइफ (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) ५ ते ७ दिवस, पण म्हणून ऑपरेशननंतर पडतं तसं रेडिएशननंतर भराभर पडेल असं नाही, कारण गाठीतल्या पेशी हळूहळू मरतात, खाली यायला आठवडे-महिने लागतात आणि काही पेशंटमध्ये सुरुवातीला थोडं वरच जातं. नातेवाईक रिपोर्ट हातात घेऊन विचारतात, ‘आकडा कमी व्हयना का ताई?’ (कमी झाला का) आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याचं उत्तर देऊच नये, डॉक्टरांकडे पाठवावं. स्कॅनचंही तसंच आहे, एसबीआरटीनंतर गाठ काही महिने कॉन्ट्रास्ट (स्कॅनच्या वेळी शिरेत देतात ते औषध) घेत राहते, जिवंत वाटते, म्हणून तर रक्तातला उतरता ट्रेंड एवढा कामाचा.

पण साधारण ३० ते ४० टक्के पेशंटमध्ये एएफपी वाढतच नाही, तिथं नॉर्मल एएफपी म्हणजे गाठ गेली असं कधीच धरू नका, ट्रीटमेंटच्या आधी किती होतं ते बघा. आणि युनिट! एक लॅब नॅनोग्रॅममध्ये देते, दुसरी आययूमध्ये, १ आययू म्हणजे १.२१ नॅनोग्रॅम, म्हणजे तेच रक्त एकीकडे १०० आणि दुसरीकडे १२१ दिसेल आणि घरात रडारड सुरू होईल. मशीन बदललं तरी फरक पडतो, म्हणून सगळे रिपोर्ट शक्यतो एकाच लॅबचे ठेवायला सांगा. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का तेही विचारा, काही मशीनवर त्याने एएफपी खोटं कमी येतं.

दुसरं पिवका-टू, हेही गाठीचंच मार्कर. याचं हाफ-लाइफ दोन-तीन दिवसच, म्हणून एएफपी नॉर्मल असलेल्यांत हे फार उपयोगी पडतं. पण हे प्रोथ्रॉम्बिनचंच (रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनचं) अर्धवट राहिलेलं रूप आहे, व्हिटॅमिन के कमी पडलं की कॅन्सर नसतानाही वाढतं. पोर्टल व्हेनमध्ये (लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या शिरेत) गुठळी म्हणून वॉर्फरिन किंवा असिट्रोम ही रक्त पातळ करायची औषधं चालू असतील, पित्ताचा मार्ग अडकून कावीळ झाली असेल, जेवण बंद आणि लांब अँटिबायोटिक कोर्स झाला असेल, तर पिवकाच्या आकड्यावर विसंबू नका. औषधांची यादी रिपोर्टसोबत नसेल तर फोन करून मागून घ्या.

आता लिव्हरची बाजू, माझ्या मते नवीन लोक सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच करतात, कारण बिलिरुबिन-अल्ब्युमिन जुन्या टेस्ट वाटतात. रेडिएशनने लिव्हरला इजा होते ती साधारण दोन आठवडे ते चार महिने या काळात दिसते. क्लासिक प्रकारात कावीळ नसते पण पोटात पाणी होतं आणि अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मलच्या दुप्पट पार जातं. सिरोसिसवाल्यांत बहुतेक दुसरा प्रकार, एसजीओटी-एसजीपीटी ही लिव्हरची एन्झाइम नॉर्मलच्या पाचपट पार जातात किंवा चाइल्ड-प्यू स्कोर (सिरोसिस किती गंभीर ते सांगणारा) २ ने बिघडतो. हे दोन्ही पॅटर्न पाठच करा.

मग अल्बी स्कोर, लिव्हर किती काम करतंय ते सांगणारा, ग्रेड वाढला की लिव्हर जास्त खराब; २०१५ मध्ये आला, फक्त बिलिरुबिन आणि अल्ब्युमिनवर चालतो, उणे २.६० किंवा त्याखाली ग्रेड १, उणे १.३९ च्या वर ग्रेड ३, मधलं सगळं ग्रेड २. तालुक्याच्या लॅबमध्येही निघतो म्हणून मला हा फार आवडतो. पण नंदुरबार, शिरपूर, साक्री पट्ट्यात सिकलसेल आहे हे डोक्यात ठेवा. सिकलसेलचा आजार असलेल्या माणसात रक्तपेशी फुटून इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं असतं, त्यात लिव्हरचा दोष नसतो. अल्ब्युमिन ४.१ आणि बिलिरुबिन १ धरा, स्कोर उणे २.६७, ग्रेड १. त्याच माणसाचं बिलिरुबिन ३ झालं तर उणे २.३६, ग्रेड २, आणि लिव्हर मात्र तेच! म्हणून डायरेक्ट-इनडायरेक्ट वेगळं मागवा. परदेशी पेपर वाचून हे सुचणार नाही, आपल्या भागातल्या माणसाला मात्र सुचलंच पाहिजे.

सीबीसीमध्ये लिम्फोसाइटचा अ‍ॅब्सोल्यूट काउंट पण टिपून ठेवा, या पेशी अगदी कमी डोसने मरतात आणि लिव्हरमधून सतत रक्त वाहत असतं, त्यामुळे रेडिएशनमध्ये तो पडतो, फार पडला आणि वर आलाच नाही तर ते चांगलं लक्षण नाही.

सॅम्पलचं बोलायचं तर आपला उन्हाळा विसरून चालत नाही. मे महिन्यात भुसावळला ४५ पर्यंत पारा जातो, रक्त तसंच डिकीत टाकून आणलं तर पेशी फुटतात आणि एसजीओटी उगाच वाढलेलं येतं. सिरम तिथंच वेगळं करून थंड बॉक्समध्ये आणा, उजेडापासून झाकून, कारण उजेडात बिलिरुबिन कमी होतं. रक्तातल्या कॅन्सर डीएनएवर सध्या खूप रिसर्च चालू आहे आणि ऐकून सगळ्यांना तेच करायचं असतं, पण त्यात तर याहून कडक शिस्त लागते, साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये (रक्त गोठू नये म्हणून वापरतात ती) पांढऱ्या पेशी फुटून त्यांचाच डीएनए मिसळतो, म्हणून काही तासांत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, खास ट्यूब वापरली तरी तीही ठरावीक तापमानापर्यंतच टिकते. ज्याला वेगळं केलेलं सिरम धड सांभाळता येतं त्याने मगच त्या वाटेला जावं.

शिरायचं कसं? डीएमएलटीवाल्यांना लॅब टेक्निशियन म्हणून, एमएस्सीवाल्यांना प्रोजेक्ट असिस्टंट किंवा क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचा कोर्स करून ठेवा, आयसीएमआरची २०१७ ची एथिक्स गाइडलाइन वाचा, आणि संमतीपत्र पेशंटला त्याच्या बोलीत समजावता येणं, मग ती अहिराणी असो नाहीतर पावरी, याची मोठ्या सेंटरला खरंच किंमत असते. एक्सेल नीट यायला हवं, नंतर आर (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) शिका.

सराव म्हणून परवानगी घेऊन, नाव काढून, एका पेशंटचे सगळे रिपोर्ट घ्या. आडव्या रेषेवर तारखा, रेडिएशनच्या दिवशी उभी रेघ, वर एएफपी आणि पिवका, खाली अल्बी आणि लिम्फोसाइट, लॅब किंवा औषध जिथं बदललं तिथं खूण, आणि मग तो ग्राफ घेऊन तुमच्या सरांकडे बसा.