हुकूमशाहीवरची कादंबरी इतिहासाच्या सोबतीने कशी वाचावी

हुकूमशाही, छळ आणि युद्ध यांवरच्या कादंबऱ्या बहुतेक वेळा दोनच पद्धतींनी वाचल्या जातात. एक तर सगळे अगदी असेच घडले असे समजून, नाहीतर शेवटी ही गोष्टच आहे असे म्हणून. दोन्ही पद्धतींत पुस्तकावर अन्याय होतो, आणि ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांच्यावर त्याहून अधिक. मी अशी पुस्तके वही जवळ ठेवून, इतिहासाशी पडताळत वाचत आलो आहे. ती पद्धत येथे सोव्हिएत हुकूमशहा स्टालिनच्या राजवटीवरच्या दोन कादंबऱ्यांच्या आधारे सांगतो.

सुरुवात छोट्या पुस्तकापासून करावी. लिडिया चुकोव्स्काया यांची ‘सोफिया पेत्रोव्ना’ त्यासाठी अतिशय योग्य आहे. लेनिनग्राडमधील एका प्रकाशनगृहात टंकलेखिका असलेली विधवा, तिचा सरळमार्गी इंजिनिअर मुलगा कोल्या, आणि एके दिवशी झालेली त्याची अटक, एवढाच तिचा विषय आहे. पुस्तक उघडण्याआधी वहीत तीन तारखा लिहाव्यात: घटना कधीच्या, लेखन कधीचे आणि प्रकाशन कधीचे. येथे घटना १९३७-३८ च्या आहेत, लेखन नोव्हेंबर १९३९ ते फेब्रुवारी १९४० मधले आहे, आणि प्रकाशन १९६५ साली पॅरिसमध्ये झाले. लेखिकेच्या स्वतःच्या देशात ते १९८८ साली, म्हणजे लेखनानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी झाले. या तीन तारखांमधले अंतर हा वाचनाचा पहिला धागा होय. स्टालिनचा मृत्यू १९५३ साली झाला. त्यामुळे ही कादंबरी लिहिताना या प्रकरणाचा शेवट कसा होणार हे लेखिकेला माहीत असणे शक्यच नव्हते. मागे वळून पाहण्याची सोय नसलेले असे लेखन फार थोडे आहे, म्हणून त्यातील प्रत्येक तपशिलाला वेगळे वजन द्यावे.

त्यानंतर इतिहासाची किमान माहिती करून घ्यावी. सगळा ग्रंथ आधी वाचण्याची गरज नाही. या काळासाठी एक कागद पुरेसा आहे. ३० जुलै १९३७ रोजी गुप्त पोलिसांनी काढलेल्या ००४४७ क्रमांकाच्या हुकुमात प्रत्येक प्रांताला माणसांचा कोटा ठरवून दिलेला होता: पहिल्या वर्गातल्यांना गोळ्या घालायच्या आणि दुसऱ्या वर्गातल्यांना आठ ते दहा वर्षे छावणीत किंवा तुरुंगात धाडायचे. निकाल तीन जणांची समिती आरोपीच्या गैरहजेरीत देत असे. हुकूम गुप्त होता आणि त्याच्याखेरीज इतरही मोहिमा चालू होत्या. सरकारी नोंदींनुसारच १९३७-३८ या दोन वर्षांत सुमारे ६ लाख ८० हजार माणसांना मृत्युदंड दिला गेला. आता कादंबरीकडे वळावे. सोफिया पेत्रोव्नाला यातले काहीच ठाऊक नाही. इतर बायकांचे मुलगे-नवरे खरोखरच गुन्हेगार असतील, फक्त आपल्या कोल्याच्या बाबतीत चूक झाली आहे, असे ती तुरुंगाबाहेरच्या रांगेत उभी राहून मनाशी म्हणते, आणि तिच्या शेजारी उभी असलेली प्रत्येक बाईही बहुधा तेच म्हणत असते. हुकुमातून कोटा कळतो. त्या रांगेतल्या बायका एकमेकींशी मोकळेपणाने का बोलत नव्हत्या, हे मात्र कादंबरीच सांगते.

वाचताना सरकारी शब्द अधोरेखित करावेत. माझ्या मते या साऱ्या पद्धतीचा गाभा हाच आहे. त्या काळी तुरुंगाच्या खिडकीवर नातेवाइकांना एक ठरावीक शिक्षा सांगितली जाई: ‘दहा वर्षे, पत्रव्यवहाराच्या हक्काविना’. ऐकणारी बाई दहा वर्षे मोजायला लागे. प्रत्यक्षात माणूस बहुधा आधीच गोळीने मारला गेलेला असे. चुकोव्स्काया यांचे पती, भौतिकशास्त्रज्ञ मात्वेइ ब्रॉन्स्टाइन, यांना ऑगस्ट १९३७ मध्ये अटक झाली आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. त्यांच्याबद्दलही लेखिकेला हेच शब्द ऐकवले गेले होते. कादंबरीतही शब्दांमुळे जीव जातो: नताशा ही टंकलेखिका ‘लाल सेना’ या शब्दांत एक अक्षर चुकवते, रशियनमध्ये त्याचा अर्थ ‘उंदीर सेना’ असा होतो, आणि तिची नोकरी जाते, पुढे ती आत्महत्या करते. असा प्रसंग आला की थांबावे आणि समासात दोन गोष्टी लिहाव्यात: कागदावर काय लिहिले आहे, आणि त्याचा खरा अर्थ काय.

येथे एक सावधगिरी बाळगावी. कागद खरा आणि कादंबरी काल्पनिक, अशी वाटणी या काळापुरती तरी चालत नाही. गोळ्या घातलेल्यांच्या कुटुंबांना पुढे १९५० च्या दशकात मृत्यूचे दाखले मिळाले, पण त्यांतल्या असंख्य दाखल्यांवर मृत्यूची तारीख खोटी आणि कारण एखाद्या आजाराचे होते. शिक्का आणि सही असलेला कागद खोटे बोलत होता, आणि शाळेच्या वहीत लपवून लिहिलेली गोष्ट खरे सांगत होती. म्हणून प्रत्येक कागदाला विचारावे की तो कोणी, कोणासाठी आणि काय झाकण्यासाठी लिहिला. हाच प्रश्न कादंबरीलाही विचारावा, कारण तीही निवड करते आणि बदल करते.

हे बदल ओळखायला शिकण्यासाठी वासिली ग्रोसमन यांची ‘लाइफ अँड फेट’ घ्यावी. ती प्रचंड आहे, पात्रांची नावे गोंधळात टाकतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून पात्रांची यादी करत जावे. ग्रोसमन दुसऱ्या महायुद्धातील स्टालिनग्राडच्या लढाईत लष्करी वार्ताहर होते, त्यामुळे तिथले खंदक आणि पडकी घरे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. मात्र १९४२-४३ च्या कथेत ज्यू शास्त्रज्ञांवर जे दडपण दिसते, त्याचे वातावरण बरेचसे १९४९ ते १९५३ या, स्टालिनच्या ज्यूविरोधी मोहिमेच्या वर्षांचे आहे. तारीख सरकली आहे असे दिसले की चूक सापडली म्हणून पुढे जाऊ नये. लेखकाने ती का सरकवली याचा विचार करावा. नाझींशी लढणाऱ्या राज्यातही छळाचे बीज होते, हे त्यांना युद्धाच्या ऐन मध्यावर दाखवायचे होते, असे मला वाटते. हस्तलिखिताचे पुढे काय झाले तेही वहीत लिहावे: फेब्रुवारी १९६१ मध्ये गुप्त पोलिसांनी त्याच्या प्रती जप्त केल्या आणि सोबत कार्बन कागद व टाइपरायटरच्या फितीही नेल्या. लेखक १९६४ साली वारले. लपवून ठेवलेल्या प्रतींवरून पुस्तक १९८० साली स्वित्झर्लंडमध्ये छापले गेले.

आकड्यांसाठी मात्र इतिहासाकडेच जावे. ग्रोसमन यांनी १९४४ साली ट्रेब्लिंका या नाझी छावणीवर लिहिलेला लेख त्या मृत्युछावणीबद्दलच्या अगदी पहिल्या लेखनापैकी आहे. बळींचा आकडा त्यात तीस लाखांच्या घरात गेला आहे. पुढील संशोधनाने तो सात ते नऊ लाखांच्या दरम्यान आणला. तरीही रेल्वेगाडीतून उतरलेल्या माणसांना शेवटपर्यंत कसे फसवले जाई, याचे त्यांचे वर्णन तिथून बचावलेल्या साक्षीदारांच्या जबान्यांवर उभे आहे आणि आजही वाचलेच पाहिजे. साक्षीदाराचा आकडा चुकला म्हणून त्याची साक्ष टाकून देऊ नये.

सर्वांत जपून वाचायचा भाग म्हणजे ‘लाइफ अँड फेट’मधील आईचे पत्र. नाझींनी कोंडलेल्या ज्यू वस्तीच्या कुंपणाआड मरणाची वाट पाहणारी आई, शास्त्रज्ञ मुलाला शेवटचे पत्र लिहिते, आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचते. पहिल्यांदा वाचले तेव्हा असे पत्र लेखकाला मिळाले असणार असे मी धरून चाललो होतो. तसे काहीच आले नव्हते. ग्रोसमन यांच्या आईला सप्टेंबर १९४१ मध्ये युक्रेनमधील बर्दिचेव येथे हजारो ज्यूंसोबत नाझींनी ठार मारले, आणि मुलाला त्याची खात्री १९४४ मध्ये, ते शहर मुक्त झाल्यावर झाली. इतिहासाला हे पत्र देता येत नाही, कारण ते कधी लिहिलेच गेले नाही किंवा कोणाच्या हाती लागले नाही. इतिहासाने येथे थांबायलाच हवे. वहीत या जागी इतिहासाचा कोणताही कागद नोंदवू नये, ती जागा कोरी ठेवावी. पत्राचा अध्याय एका बैठकीत, शक्य तर मोठ्याने वाचावा. मग ग्रोसमन यांनी मेलेल्या आईला उद्देशून १९५० आणि १९६१ मध्ये लिहिलेली दोन पत्रे मिळवून वाचावीत, आणि त्यानंतर तो अध्याय पुन्हा काढावा.