पेरी मेसन पुन्हा बघायचा असेल तर

पेरी मेसन ही एका वकिलाची जुनी कृष्णधवल अमेरिकी टीव्ही मालिका. पहिल्यांदा मी ती बघितली ती अधाशासारखी. भाऊ अमेरिकेतून येताना दर खेपेला बॅगेत साड्या-चॉकलेटांच्या खाली तिच्या डीव्हीडींची दोन-तीन खोकी घालून आणायचा आणि मी रात्री चार-चार भाग उडवायचे. शेवटी डोक्यात नुसता काला झाला. कुठल्या मृत्युपत्रासाठी कोण मेलं, पिस्तूल कुणाच्या पर्समध्ये निघालं, काही म्हणजे काही आठवेना. गेल्या दिवाळीत रामबागेतले काका म्हणाले, "अगं, तुझ्याकडे तो मेसन आहे ना? आण की. डोळे आहेत तोवर बघून घेऊ." काका इंदूरचे जुने वकील. पंचेचाळीस वर्षं काळा कोट घातलेला माणूस. त्यांच्यासोबत बघायचं म्हणजे घाईचं काम नव्हे, म्हणून यावेळी सगळं रीतसर केलं. ज्यांच्या कपाटात ही खोकी पडून आहेत, किंवा जे आता मागवायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी ती रीत लिहून ठेवते.

खोकी आणि त्यांची भानगड

मालिका सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर २१ सप्टेंबर १९५७ ला सुरू झाली आणि २२ मे १९६६ ला संपली. नऊ सीझन, २७१ भाग. डीव्हीडीवर प्रत्येक सीझन दोन भागांत निघाला, म्हणजे एकूण अठरा खोकी. जुना संच विकत घेणार असाल तर पैसे देण्याआधी ही अठरा मोजा, आणि मग प्रत्येक खोकं उघडून आतल्या डिस्कवरचे आकडे बघा. मला एकाने 'संपूर्ण संच' म्हणून विकलेल्या एका खोक्यात तीच डिस्क दोनदा निघाली आणि एक गायब. विकणाऱ्याचा फोन त्यानंतर कधी लागला नाही.

दुसरी भानगड रीजनची, म्हणजे डीव्हीडी जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालावी यासाठी तिला घातलेल्या कुलपाची. ही खोकी बहुतेक अमेरिकेची, म्हणजे रीजन १. आपला देश रीजन ५ मध्ये येतो. डिस्क घालावी आणि पडद्यावर नकारघंटा वाजावी, असं होऊ शकतं. जेल रोडवरून मी प्लेअर घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला, "सब चलेगा दीदी, बेफिकर ले जाओ." घरी आणला तर सब चालत होतं, हे सोडून. म्हणून आता माझा नियम असा: आपली एक डिस्क पर्समध्ये घालून दुकानात जायचं, तिथल्या तिथे लावून बघायची, चित्र हललं की मगच पैसे. प्लेअर 'मल्टी-रीजन' किंवा 'रीजन फ्री' हवा आणि तो एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीचं, चित्र दाखवणारा हवा. हल्लीच्या टीव्हींना एनटीएससीचं वावडं नसतं; अडतो तो प्लेअरच. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर बघणार असाल तर एक सांभाळा. रीजन बदलायची मुभा साधारण पाचदाच मिळते, पाचव्यांदा जो ठेवाल तो कायमचा. मुलांनी खेळता खेळता हा आकडा संपवल्याची घरं मला माहीत आहेत.

डिस्क पुसायची वेळ आली तर मऊ सुती कापड घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा. ताटं पुसतो तसं गोल नको. माहिती गोलाकार रेघेत लिहिलेली असते; त्याच दिशेने ओरखडा गेला तर सलग मोठा तुकडा वाचता येत नाही, आडवा गेला तर प्लेअर सांभाळून घेतो. पावसाळ्यात खोकी लोखंडी कपाटात भिंतीला टेकवून ठेवू नका. बाकी काळजी करण्यासारखं फार नाही.

टीव्ही बिघडवतो तो असा

हा भाग नीट वाचा, कारण नवा टीव्ही कोरा काढून लावला तर मेसनसाहेबांची पार रया जाते.

सगळ्यात आधी चित्राचा आकार. मालिका ४:३ मध्ये आहे आणि आपले टीव्ही १६:९. टीव्ही मोकळी जागा भरायच्या नादात चित्र आडवं ताणतो. मेसन झालेला रेमंड बर आधीच धिप्पाड, ताणल्यावर गोदरेजचं कपाट दिसायला लागतो. रिमोटवर 'आस्पेक्ट' किंवा 'पिक्चर साइझ' शोधून ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्यात. ४३ इंची टीव्हीवर प्रत्यक्ष चित्र साधारण ३५ इंचांचं उरतं, म्हणून खुर्ची तेवढी पुढे ओढायची. काकूंना ते पट्टे आठवडाभर खुपत होते: "एवढा मोठा टीव्ही घेतला आणि बघायचा अर्धाच?" अर्धा नाही, पाऊण. हे काकांनी टेप लावून सिद्ध केलं.

मग ते 'मोशन स्मूदिंग' नावाचं खूळ. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण काम एकच: दोन चित्रांच्या मध्ये टीव्ही आपल्या मनचं तिसरं चित्र घुसडतो. ही मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर, सेकंदाला २४ चित्रं अशी घेतलेली आहे. स्मूदिंग चालू असलं की कोर्टातली माणसं तेलावर घसरल्यासारखी हलतात आणि सगळं दुपारच्या सासू-सुनेच्या मालिकेसारखं दिसतं. बंद करा. 'शार्पनेस' जवळजवळ शून्यावर आणा, नाहीतर कोटाच्या कडेला पांढरी रेघ उमटते. 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' लावा आणि रंगाचं तापमान 'वॉर्म' ठेवा. कारखान्यातून टीव्ही जसा येतो त्यात करडा रंग निळसर पडतो, जणू सगळे साक्षीदार नीळ घातलेल्या कपड्यांतच आलेत.

आता एक गंमत. जुना प्लेअर पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांच्या वायरीने जोडलेला असेल तर पॉल ड्रेकचा कोट बघा. विल्यम हॉपरने रंगवलेला हा गुप्तहेर बारीक चौकड्यांचे कोट घालतो. पडद्यावर त्या चौकड्यांवरून हिरव्या-जांभळ्या लहरी फिरताना दिसतील, पाण्यावर रॉकेलचा थेंब पडावा तशा. कृष्णधवल चित्रात रंग आला कुठून? तर पिवळ्या पिनेच्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्रच येतात, आणि अगदी बारीक चौकडी दिसली की टीव्ही तिलाच रंग समजून बसतो. उपाय सोपा: टीव्हीचा 'कलर' शून्यावर. लहरी जागच्या जागी गायब. एचडीएमआय वायर असेल तर हा त्रास होत नाही, पण मी तरीही शून्यावरच ठेवते.

आवाज एकाच वाहिनीचा, मोनो आहे. 'सराउंड' लावलं की संवाद विहिरीतून आल्यासारखे येतात, म्हणून 'स्टँडर्ड' किंवा 'व्हॉइस'. अक्षरं हवी असतील तर एक लक्षात ठेवा. काही अमेरिकी डिस्कवर सबटायटल्स नसून क्लोज्ड कॅप्शन्स असतात आणि ती एचडीएमआयमधून पलीकडे जात नाहीत. तेवढ्यासाठी पुन्हा पिवळी पिन लावावी लागते. काकांना कमी ऐकू येतं, म्हणून आमच्याकडे दोन्ही वायरी लोंबतात.

बघायचं कसं

आठवड्याला दोन, त्याहून जास्त नाही. शनिवारी एक (अमेरिकेत सुरुवातीला तो शनिवारीच लागायचा) आणि बुधवारी एक. या वेगाने २७१ भागांना अडीच वर्षांहून थोडं जास्त लागतं. घाबरू नका, सगळे बघायलाच हवेत असं नाही. पण पहिला सीझन, ३९ भागांचा, गाळू नये.

भाग साधारण पन्नास मिनिटांचा. पहिल्या निम्म्यात भांडण, धमकी, खून आणि अटक. दुसऱ्या निम्म्यात कोर्ट. दोन्हीच्या सांध्यावर, म्हणजे न्यायाधीश खुर्चीत बसले की, थांबवा. आमच्याकडे इथे चहा होतो, सोबत लसणाची शेव, आणि ज्याने त्याने कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे खुन्याचं नाव लिहून चिठ्ठी बशीखाली ठेवायची. काकू दर वेळी सर्वांत सभ्य दिसणाऱ्या माणसाचं नाव लिहितात, आणि सांगायला वाईट वाटतं, पण त्यांचाच हिशेब सर्वांत जास्त जुळतो.

तुम्हाला उत्तर आधीच आठवत असेल तर? मग खरी मजा. पुन्हा बघताना मेसनकडे बघूच नका, प्रेक्षकांच्या बाकांकडे बघा. खुनी बहुतेक वेळा तिथेच बसलेला असतो, सुरुवातीपासून. उलटतपासणी दुसऱ्याची चाललेली असते आणि हा हातमोजे सारखे करतो, टोपीची कड फिरवतो, शेजारच्याकडे बघायचं टाळतो. पहिल्या खेपेला हे दिसत नाही, कारण आपण गोष्टीमागे धावत असतो. मेसनची सेक्रेटरी, बार्बरा हेलची डेला स्ट्रीट बघा. ती गप्प असते तेव्हाही साहेबाच्या पुढच्या चालीची वाट बघत असते. पोलिसांचा लेफ्टनंट ट्रॅग दार न वाजवता आत शिरतो, ते मोजा. ट्रॅग झालेल्या रे कॉलिन्सची तब्येत पुढे ढासळली, तो भागांतून दिसेनासा झाला, तरी १९६५ मध्ये तो जाईपर्यंत त्याचं नाव सुरुवातीच्या पाटीवर येत राहिलं. नाव येतं आणि माणूस येत नाही, हे पुन्हा बघतानाच जाणवतं.

सिगरेटचा धूर तर सगळीकडे. त्यात सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर झालेला विल्यम टालमन फुफ्फुसाच्या कर्करोगाने १९६८ मध्ये गेला, आणि जाण्याआधी त्याने धूम्रपानाविरुद्ध स्वतःच एक जाहिरात करून ठेवली. हे कळल्यापासून बर्गर हरला की मला पूर्वीसारखं हसू येत नाही.

शेजारी एखादा वकील बसवा

हे जमलं तर सोडू नका. मला इतकी वर्षं एक कोडं होतं की या कोर्टात ज्युरी का दिसत नाही. काकांनी पहिल्याच शनिवारी उलगडलं. "अगं, हा खटला नाहीच. ही खटल्याआधीची चौकशी. पुरावा पुढे पाठवण्याजोगा आहे का, एवढंच न्यायाधीश बघतोय." आपल्याकडेही सेशन्सला केस पाठवण्याआधी मॅजिस्ट्रेटपुढे साक्षी व्हायच्या, १९७३ चा फौजदारी संहितेचा कायदा आला आणि ते गेलं. काकांनी सुरुवातीची वर्षं त्याच 'कमिटल'मध्ये घालवलेली. "मेसन हुशार आहे. केस वर जाऊच देत नाही, खालीच मोडतो," हे सांगताना त्यांचा आवाज एकदम एमजी रोडच्या कोर्टातला झाला.

बर्गर हरकत घ्यायला उठून "इन्कॉम्पिटंट, इर्रेलेव्हंट अँड इम्मटीरिअल" म्हणाला की काका त्याच्याबरोबर म्हणतात. पण साक्षीदार भर कोर्टात उभा राहून "हो, मीच मारलं!" ओरडला की मान हलवतात. "पंचेचाळीस वर्षांत एकदाही नाही झालं. एकदासुद्धा."

मेसन कधीच हरत नाही असं सगळे म्हणतात. काकांना ते पटेना, म्हणून मी त्यांना दोन भाग मुद्दाम काढून दाखवले: पहिल्या सीझनमधला 'द केस ऑफ द टेरिफाइड टायपिस्ट' आणि सातव्यातला, १९६३ चा 'द केस ऑफ द डेडली व्हर्डिक्ट'. दुसऱ्यात तर भाग सुरू होतो तोच अशिलाला देहदंडाची शिक्षा झाल्यावर. काका पुढे सरकून बसले. चहा निवला. असे भाग वेगळे काढून ठेवा, घरातलं कुणी 'सगळं ठरलेलंच असतं' म्हणून कंटाळलं की उपयोगी पडतात. सहाव्या सीझनमधले चार भागही त्यातलेच. रेमंड बरची शस्त्रक्रिया झाली होती, म्हणून त्याच्या जागी दुसरे वकील उभे राहिले. त्यातली एक खुद्द हॉलिवूडची नटी बेटी डेव्हिस.

शेवटच्या भागात न्यायाधीशाच्या खुर्चीत जो म्हातारा बसलाय त्याला नीट बघा. तो अर्ल स्टॅनले गार्डनर, मेसन ज्याने लिहिला तोच.

आणि एक सूचना, जी मी स्वतः पाळली नाही. गेल्या महिन्यात काकांना सलग क्रमाची वाट बघवेना, म्हणून आम्ही मधलं बरंच ओलांडून नवव्या सीझनला हात घातला. त्यात 'द केस ऑफ द ट्वाइस-टोल्ड ट्विस्ट' नावाचा भाग आहे, २७ फेब्रुवारी १९६६ चा. २७१ मधला हा एकच रंगीत. प्रयोग म्हणून केलेला. मी काकूंना आठवडाभर सांगत होते, या शनिवारी गंमत आहे म्हणून. भाग लावला, चहा झाला, चिठ्ठ्या झाल्या, खुनी सापडला, आणि श्रेयनामावली वर सरकत असताना काकूंनी विचारलं, "मग गंमत कुठंय?"

टीव्हीचा 'कलर' अजून शून्यावरच होता.