खाडीकाठी टाइमलॅप्स करताय? या चुका टाळा

दर सुट्टीत कोणी ना कोणी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) आणि कॅमेरा घेऊन भरतीचा टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ, करायला येतं आणि त्याच चुका करतं. सगळ्यात महागात पडणारी आधी सांगतो: फोटोंना नुसते ०००१, ०००२ असे क्रमांक देणं.

वैशाखी पौर्णिमेला रत्नागिरीला भाट्याच्या खाडीवर ओळखीच्यांच्या माडीतून मी कॅमेरा लावला होता. भरती लागली होती. साडेसहाला सुरुवात, दर १० सेकंदांनी एक फोटो. नऊला लाइट गेली आणि लगेच आली. पाय आपोआप चालू झाला, फोटो काढणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅमही चालू झाला, पण मोजणी पुन्हा शून्यापासून. अकरापर्यंत आलेल्या ७२० फोटोंनी सकाळचे पहिले ७२० पुसले. चिखलात कलंडलेल्या होड्या, त्यांच्याभोवतीचे बगळे, चरांतून आत शिरणारं पाणी, सगळं गेलं. तसं उधाण आणि तसा उजेड त्या वर्षी पुन्हा जुळला नाही, पाऊस लागला.

तेव्हापासून मी फाइलच्या नावातच तारीख-वेळ घालतो आणि दर खेपेला नवा फोल्डर करतो. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर सेलवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेट नसेल तर लाइट गेल्यावर वेळ मागे पडते. म्हणून सेलवर चालणारं डीएस३२३१ हे छोटं घड्याळ जोडा. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण सेल वेगळा लावावा लागतो.

फोनचा जुना चार्जर नको. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. बंद करताना वायर उपटू नका, एसडी कार्ड बिघडतं.

दर सेकंदाला फोटो कशाला? सहा तासांची भरती १० सेकंदांनी टिपली तर २१६० फोटो होतात. सेकंदाला २५ लावले की ८६ सेकंदांचा व्हिडिओ. पुरे.

एक्सपोजर (फोटो किती उजळ) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) ऑटोवर ठेवलं की ढग सरकताच व्हिडिओ लुकलुकतो. ऊन नीट पसरल्यावर मी दोन्ही ठरवतो, मग हात लावत नाही.

आणि कॅमेरा ठेवायचा डबा. सिलिकॉनने घट्ट बंद केला की काम झालं, असं घाईतल्या लोकांना वाटतं. पण आपली दमट हवा आतच कोंडते आणि पहाटे काच आतून धुरकटते. मी आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. बाहेरून काचेवर मीठ बसतं. ते कोरड्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्याने भिजवा.