ओपनडब्ल्यूआरटीत वायफायची पॉवर वाढत नाही? या चुका टाळा

राउटरवरचं कंपनीचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) काढून ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवर चालणारं मुक्त फर्मवेअर टाकलं की पुष्कळ जण आधी ट्रान्समिट पॉवरची, म्हणजे सिग्नल किती जोरात सोडायचा याची, यादी उघडतात. यादी २० डीबीएमलाच (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं एकक) संपलेली असते, नाहीतर ३० निवडूनही चालू आकडा २० किंवा २३ दिसतो. मग फर्मवेअरच्या नावाने बोटं मोडणं सुरू होतं. दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो. तुम्ही मागितलेली पॉवर, त्या चॅनेलवर देशाच्या नियमाने असलेली मर्यादा आणि कारखान्यात राउटरच्या त्या रेडिओपुरती (वायफाय सिग्नल सोडणाऱ्या भागापुरती) ठरवलेली मर्यादा, या तिन्हींत जो आकडा सगळ्यात लहान तोच चालतो. कोणता आकडा आडवा येतोय हे कळेपर्यंत बाकी काही बदलू नका.

देश रिकामा ठेवणं

निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात. देश निवडला नसेल तर लिनक्स '००' नावाचा जागतिक नियमसंच लावतं. जगात कुठेही चालेल असा तो सावध संच आहे: २.४ गिगाहर्ट्झवर २० डीबीएम, आणि ५ गिगाहर्ट्झवर राउटरने स्वतःहून सिग्नल सोडायला मनाई. त्यामुळे कित्येकांचा ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ सुरूच होत नाही आणि शंका जाते हार्डवेअरवर.

लुसीमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंग पानात, नेटवर्क, मग वायरलेस, रेडिओसमोरचं एडिट, आणि तिथल्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये कंट्री कोड भरा. सेव्ह अँड अप्लाय करून पान पुन्हा उघडा. तोवर पॉवरची यादी जुन्या देशाचीच दिसते, आणि देश बदलून काही फरक पडला नाही असं वाटतं. दोन्ही रेडिओंना एकच देश द्या.

एवढ्याने भागलं नाही तर एसएसएचने (संगणकावरून राउटरला कमांड द्यायची सोय) आत शिरून 'आयडब्ल्यू रेग गेट' (iw reg get) चालवा. वर पूर्ण राउटरला लागू असलेला देश दिसतो. काही चिपसाठी खाली वेगळा भाग असतो, कारण अथेरॉससारख्या कंपनीच्या वायफाय चिपच्या मेमरीत कारखान्यातूनच एक देश लिहिलेला असू शकतो. दोन्ही संच लागू झाले तर जास्त कडक नियम पाळला जातो. 'आयडब्ल्यू फाय' (iw phy) चालवलं की एकेका चॅनेलसमोर त्याची कमाल पॉवर येते, आणि तो बंद आहे की रडारच्या अटीवर (आधी रडार नाही ना ते ऐकायचं) आहे तेही कळतं.

'अमेरिका टाका, ३० मिळतील'

हा सल्ला मूळचा युरोपातल्या लोकांसाठी. तिथे २.४ गिगाहर्ट्झवर १०० मिलिवॉटची, म्हणजे २० डीबीएमची मर्यादा आहे. अमेरिकेत रेडिओला १ वॉटपर्यंत, म्हणजे ३० डीबीएमपर्यंत मुभा आहे. भारतात हा पट्टा २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला, तोही १ वॉट आउटपुट आणि अँटेनासकट ४ वॉट अशा मर्यादेत. ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ साली आणखी मोकळे झाले. म्हणजे इथे बसून अमेरिका निवडल्याने पदरात काही पडत नाही. उलट १२ आणि १३ हे चॅनेल हातचे जातात. फर्मवेअर फार जुनं असेल तर मात्र त्याच्यासोबतचा नियमांचा डेटाबेसही जुना असतो, तेव्हा आधी नवी आवृत्ती टाका. पुण्याहून राउटर घेऊन म्युनिकला गेला असाल तर तिथे जर्मनीच निवडायचं.

खोटा देश निवडण्याची ही वाट कंपन्यांनाही महागात पडली आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने राउटर बनवणाऱ्या टीपी-लिंककडून २ लाख डॉलर वसूल केले, कारण काही राउटरवर ग्राहकाला देश बदलून मर्यादेबाहेर पॉवर नेता येत होती. त्याच तडजोडीत बाहेरचं मुक्त फर्मवेअर चालू देण्याच्या दिशेने काम करायचंही कंपनीने कबूल केलं, हे आपल्या दृष्टीने बरं झालं.

चॅनेल 'ऑटो' ठेवून पॉवर मोजणं

५ गिगाहर्ट्झवर एकाच देशात चॅनेलनुसार मर्यादा बदलते. युरोपात ३६ ते ४८ वर २०० मिलिवॉट, तर १०० ते १४० वर १ वॉटपर्यंत. चॅनेल आपोआप बदलत असेल तर पॉवरचा आकडाही बदलणार. तपासणीपुरता चॅनेल पक्का करा.

५२ ते ६४ आणि १०० च्या पुढचे रडारवाले चॅनेल निवडले तर राउटर आधी किमान एक मिनिट नुसता ऐकत बसतो; युरोपात हवामान रडारच्या पट्ट्यात दहा मिनिटं. तेवढा वेळ नेटवर्क दिसतच नाही. लोक कंटाळून रीस्टार्ट करतात, आणि वाट पाहणं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

डीबीएमला साधा आकडा समजणं

१० डीबीएम म्हणजे १० मिलिवॉट, २० म्हणजे १००, २३ म्हणजे २०० आणि ३० म्हणजे १०००. तीनने वाढवलं की पॉवर दुप्पट होते, पण मोकळ्या मैदानातसुद्धा पल्ला जेमतेम दीडपटीला पोचत नाही. पल्ला दुप्पट व्हायला सहा डेसिबल लागतात, आणि मध्ये स्लॅब किंवा लोखंडी कपाट आलं की तो हिशोबही कोलमडतो. डीडी-डब्ल्यूआरटी या दुसऱ्या फर्मवेअरच्या जुन्या दिवसांत ७१ मिलिवॉटचे २५१ करण्याचं खूळ होतं. ऐकायला साडेतीन पट, प्रत्यक्षात साडेपाच डेसिबल, आणि वर राउटर तापायचा तो वेगळाच.

पडद्यावरचा आकडा हा ड्रायव्हरचा (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) दावा असतो, मोजमाप नव्हे. कुणी एका अँटेनाचा आकडा सांगतो, कुणी सगळ्यांची बेरीज. दोन अँटेना असतील तर एवढ्यानेच तीन डेसिबलचा फरक पडतो. शिवाय जास्तीत जास्त पॉवर कमी वेगाच्या दरांनाच मिळते. वरच्या वेगांना सिग्नल स्वच्छ राहावा म्हणून चिप स्वतःच पॉवर उतरवते. त्यामुळे ३० लावून स्पीड टेस्टचा आकडा चढला नाही तर त्यात नवल नाही.

सेटिंग खरंच लागतंय का, हे पाहायची सोपी रीत आहे. फोन एका जागी ठेवा, सिग्नल दाखवणारं अ‍ॅप उघडा, पॉवर आधी ८ आणि मग १८ करा. अ‍ॅपमधला आकडा साधारण दहाने हलायला हवा. जागचा हललाच नाही, तर ड्रायव्हर तुमचं ऐकत नाहीये.

कॅलिब्रेशनचं पार्टिशन पुसणं

हे नुकसान सेटिंगने भरून निघत नाही. प्रत्येक राउटरच्या रेडिओची कारखान्यातली मोजमापं (कॅलिब्रेशन) फ्लॅशच्या, म्हणजे राउटरच्या कायमच्या मेमरीच्या, एका कोपऱ्यात, वेगळ्या पार्टिशनमध्ये असतात. अथेरॉसच्या राउटरवर त्याचं नाव 'आर्ट', मीडियाटेकवर बहुधा 'फॅक्टरी'. बंद पडलेला राउटर जिवंत करताना दुसऱ्याच्या राउटरची पूर्ण फ्लॅश प्रत चढवली की ही मोजमापं जातात. मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) भलताच दिसणं आणि शेजारच्या खोलीतही सिग्नल मरतुकडा असणं ही त्याची लक्षणं. नवं फर्मवेअर चढवण्याआधी त्या पार्टिशनची प्रत संगणकावर काढून ठेवा. राउटर उघडला असेल तर आतल्या अँटेनाच्या वायरीची जोडणीची बारीक टोपी निसटली नाही ना, तेही बघा.

फक्त राउटरचीच पॉवर वाढवणं

फोनची पॉवर राउटरपेक्षा बरीच कमी असते. लुसीच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत फोनचा सिग्नल बघा. फोनवर उणे ६० आणि इथे उणे ८० दिसत असेल, तर राउटरचं फोनला ऐकू येतं, पण फोनचं उत्तर राउटरपर्यंत धड पोचत नाही. अशा वेळी पॉवर वाढवून फोनवरच्या पट्ट्या वाढतील, व्हिडिओ कॉल तसाच अडखळेल. राउटरची जागा बदला किंवा केबल टाकून वायफाय देणारा दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा.

आणि दोन अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर पॉवर उतरवा. दोन्ही पूर्ण ताकदीवर ठेवले की फोन लांबच्यालाच चिकटून बसतो. २.४ गिगाहर्ट्झची पॉवर ५ गिगाहर्ट्झपेक्षा पाच-सहा डेसिबलने कमी ठेवून सुरुवात करा, मग सगळ्यात लांबच्या खोलीत जाऊन एक व्हिडिओ कॉल लावून बघा.