ॲन्युइटीच्या कागदावर सही करायच्या आधी हे गणित करून बघा

बाबांची ग्रॅच्युइटी खात्यात पडली आणि चौथ्या दिवशी बँकेतून फोन, "काका, एक मस्त पेन्शन स्कीम आहे, आयुष्यभर पैसे येत राहतील आणि मूळ रक्कम नंतर मुलांना परत." बाबा खूश. मी म्हटलं सही करू नका, कागद घरी घेऊन या. मग दोन-तीन रविवार त्यातच गेले, त्यातून जे कळलं ते लिहितोय.

ॲन्युइटी म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे द्यायचे आणि ती मरेपर्यंत ठरलेली पेन्शन देणार. आता पहिलं काम, एकाच रकमेवर दोन कोटेशन मागा. एक मूळ रक्कम वारसाला परत मिळते ते, दुसरं परत मिळत नाही ते. काउंटरवर बहुतेक पहिलंच पुढे करतात कारण ऐकायला गोड वाटतं.

समजा 10 लाखांवर रक्कम परतवाल्यात वर्षाला 65,000 आणि बिनपरतवाल्यात 85,000 मिळतायत. तर त्याच दिवशी 40 वर्षांच्या सरकारी बाँडवर काय यील्ड (म्हणजे वर्षाला किती टक्के मिळतात) चालू आहे ते बघा, समजा 7 टक्के, म्हणजे 70,000. कंपनी तुमचे पैसे घेऊन बराचसा भाग सरकारी बाँडमधेच टाकते, म्हणजे सरकारला उसने देते, आणि 70,000 व 65,000 मधले 5,000 तिचा खर्च, विकणाऱ्याचं कमिशन, नफा वगैरे. याचं बिल कुठेच येत नाही, रेटमधेच कापलेलं असतं, म्हणून कुणाला टोचत नाही. 25 वर्षांत सव्वा लाख झाले की हो!! (आधी यावर 1.8 टक्के जीएसटी पण होता, तो सप्टेंबर 2025 पासून गेला.)

बरं हा बाँड आपल्यालाही घेता येतो. रिझर्व्ह बँकेची आरबीआय रिटेल डायरेक्ट वेबसाइट, 2021 पासून आहे, खातं उघडायला फी नाही, पॅन, आधार, बचत खातं, मोबाइल आणि ईमेल एवढं लागतं. नॉमिनी तिथेच टाका, नंतर राहून जातं. कमीत कमी 10,000 रुपये, केंद्राच्या नव्या बाँडचा लिलाव बहुतेक शुक्रवारी असतो, आपण फक्त रक्कम टाकायची, भाव मोठ्या बँकांच्या बोलीतून ठरतो आणि व्याज दर सहा महिन्यांनी थेट खात्यात. राज्यांचे बाँड पण मिळतात, महाराष्ट्राचे सुद्धा, रेट केंद्रापेक्षा जरासा जास्त असतो. साठीला 40 वर्षांचा घेतला तर मुद्दल शंभरीला परत, बाबा म्हणाले केक पण तेव्हाच कापू.

खोट कुठे आहे तर मधेच विकायचा झाला आणि तोवर व्याजदर वाढले असतील तर भाव पडलेला असतो, आणि छोट्या रकमेला गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. म्हणून दवाखान्याचे पैसे यात नकोत. महागाई दोघांनाही खाते, आकडा तोच राहतो. टॅक्स दोन्हीकडे स्लॅबप्रमाणे.

आणि बाँडच्या आधी पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम भरा, माणशी 30 लाखांपर्यंत, एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के, व्याज तिमाहीला. भरायच्या दिवशीचा रेट बघून घ्या, मग तोच 5 वर्षं राहतो. आईचं वय बसत असेल तर तिचं वेगळं खातं.

मग ॲन्युइटी घ्यायचीच नाही का? घ्या ना, पण बिनपरतवाली. ते 85,000 का जास्त, तर लवकर गेलेल्यांचे पैसे जास्त जगणाऱ्यांना मिळतात, आणि हे काम बाँड करू शकत नाही. आमच्या आत्याला मूलबाळ नाही, घरात सगळे नव्वदी गाठणारे, तिला तीच घ्यायला सांगितली. नवराबायको असाल तर जॉइंट लाइफ घ्या, पेन्शन थोडी कमी पण मागे राहणाऱ्याला चालू राहते. एनपीएसमधे (राष्ट्रीय पेन्शन योजना) बहुतेक वेळा काही हिस्सा ॲन्युइटीत टाकावाच लागतो, तिथेही हीच दोन कोटेशनं मागा.

सही आधीच करून बसला असाल तर पॉलिसी हातात पडलेली तारीख बघा. 30 दिवसांचा फ्री लुक असतो, त्या मुदतीत लेखी अर्ज देऊन रद्द करता येते, थोडीफार कपात होते. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या, फोनवर "करतो सर" म्हणतील त्यावर जाऊ नका.