एचआयव्ही डिमेन्शियाच्या स्लाइड्सवर काम सुरू करताय? मग हे वाचा

एमएस्सी करून न्यूरोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एकच असतं, डिमेन्शिया म्हणजे न्यूरॉन (मेंदूतल्या चेतापेशी) मेले, मग मोजा आणि रिपोर्ट लिहा. एचआयव्हीच्या मेंदूत तसं करून भागत नाही बरं का. मुळात हा व्हायरस न्यूरॉनच्या वाट्याला फारसा जातच नाही, तो मुक्काम ठोकतो मायक्रोग्लियात (मेंदूतल्या संरक्षक पेशी) आणि रक्तवाहिन्यांना लागून असलेल्या मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या पेशी), तिथून टॅट, जीपी१२० अशी व्हायरसची प्रोटीन्स आणि जळजळ वाढवणारी रसायनं सुटत राहतात आणि मार खातो शेजारचा न्यूरॉन.

१९९१ साली एव्हराल वगैरेंनी फ्रंटल कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाच्या बाहेरच्या थरात, न्यूरॉन कमी झालेत हे मोजून दाखवलं होतं, ते खरंच आहे. पण पेशंटची विचारशक्ती किती गेली याच्याशी जास्त मेळ खातो तो डेंड्राइट (न्यूरॉनच्या फांद्या) आखडणं आणि सायनॅप्स (दोन न्यूरॉनमधले सांधे) विरळ होणं याचा, मसलिया यांच्या ग्रुपने १९९७ मध्ये हेच मांडलं. म्हणजे पेशी जागेवर दिसते, पण तिचं आजूबाजूशी बोलणं तुटलेलं असतं.

आता रचनेकडे या. निरोगी कॉर्टेक्समध्ये पिरॅमिडल न्यूरॉन उभ्या उतरंडीत लागलेले असतात, त्यालाच मिनिकॉलम म्हणतात. ही उतरंड विस्कटली का हे बघायचं तर आधी सेक्शन कसा कापलाय ते बघा, कारण मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, मेंदूच्या तुकड्याचा ब्लॉक जरासा तिरका बसला तरी एकदम ठणठणीत मेंदूतले कॉलमसुद्धा तुटके दिसतात आणि नवखा माणूस खुशाल 'रचना बिघडली' असं लिहून मोकळा होतो. ओळखायची खूण सोपी आहे, पेशीच्या टोकातून पृष्ठभागाकडे जाणारा जाड डेंड्राइट लांबवर सलग दिसला पाहिजे, सगळीकडे बुंध्याशीच कापलेला दिसला तर ती स्लाइड बाजूला ठेवा, मोजमाप करत बसू नका.

क्रेसिल व्हायोलेट या रंगात पेशीचं अंग छान जांभळं उठतं पण फांद्या जवळजवळ दिसत नाहीत, त्यासाठी गोल्गीचं स्टेनिंग किंवा एमएपी-२ (डेंड्राइटमधलं एक प्रोटीन) रंगवणं लागतं. अनेक केंद्रकांच्या जायंट सेल दिसल्या की सगळे हरखतात, मीही हरखते, पण त्या एन्सेफलायटिसची (मेंदूच्या दाहाची) खूण आहेत, त्या नसतानाही पेशंटला डिमेन्शिया असू शकतो.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे एचआयव्ही नसलेले मेंदू, निवडताना वय तर जुळवाच, शिवाय मृत्यूनंतर किती तासांनी मेंदू फॉर्मलिनमध्ये गेला तेही बघा, नाहीतर उशिराने झालेली नासाडी व्हायरसच्या नावावर चढते. आपल्याकडे एचआयव्हीचा सबटाइप सी (उपप्रकार) जास्त, त्याच्या टॅटमध्ये एक सिस्टीन (प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल) बदललेलं असतं, त्यामुळे बाहेरच्या सबटाइप बी वरचे निष्कर्ष सरसकट इथे लावू नका.

आणि केस फाइलमध्ये एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) कधी सुरू झाली ते आधी शोधा. १९९६ नंतर औषधांचा जोरदार मारा सुरू झाला, तीव्र डिमेन्शिया कमी झाला, सौम्य त्रास मात्र राहिला, त्यामुळे त्याआधीचे मेंदू आणि नंतरचे मेंदू एकाच गटात घातलेत तर गाइड पहिल्या मीटिंगलाच परत पाठवणार.