कुत्रा भुकेने खातोय की बेचैनीने? असे ओळखा

जेवण झाल्यावर दहाव्या मिनिटाला कुत्रा पुन्हा ओट्याशी येऊन उभा राहिला, तर तो उपाशीच असेल असं नाही. तो काय मागतोय यापेक्षा कधी आणि कशानंतर मागतोय, ते पाहा.

पहिली पायरी : आजार नाही ना, ते पाहा. भूक अचानक वाढली असेल तर आधी पशुवैद्य. मधुमेह आणि कुशिंगमध्ये (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याचा आजार) भुकेबरोबर पाणी पिणं, लघवीही वाढते. भरपूर खाऊनही वजन उतरत असेल तर जंत किंवा स्वादुपिंडाचा दोष असू शकतो. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने भूक खवळते, पण औषध परस्पर बंद करू नका. लॅब्रॅडॉरची गोष्ट थोडी वेगळी आहे. केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये सुमारे चौथाई लॅब्रॅडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या पीओएमसी जनुकाचा तुकडा गळालेला आढळला. अशा कुत्र्याची खा-खा जन्मजात असते, त्याला रागावून काही होत नाही.

दुसरी पायरी : दोन आठवडे वही ठेवा. प्रत्येक मागणीची वेळ, आधीचं जेवण कधी झालं, लगेच आधी घरात काय घडलं, हे लिहा. कुणी बूट घातले? आवाज चढले? पावसामुळे फेरी चुकली? सोबत बेचैनीच्या खुणा, म्हणजे जांभया, ओठ चाटणं, उकाडा नसताना धापा टाकणं, येरझाऱ्या दिसल्या तर त्याही नोंदवा.

तिसरी पायरी : मागेल तेव्हा रोजच्या मापातलेच पाच-सहा दाणे द्या, मग दहा मिनिटं हुंगत फिरवा किंवा खेळा. दाणे सोडून बिस्किटाच्या डब्याकडे पाहत बसला, तर चवीची सवय आहे. खेळात खाणं विसरला, तर कंटाळा. दाणे अधाशासारखे खाल्ले आणि बरगड्याही वर आल्या असतील, तर माप खरंच कमी पडतंय. चार-पाच वेळा करून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

इथे एक गल्लत हमखास होते : बेचैन कुत्रा जास्तच खातो, असं धरलं जातं. पण भीती टोकाची असली की बहुतेक कुत्रे खाणं सोडतात. फटाक्यांच्या वेळी चिकनलाही तोंड लावत नसेल, तर दिवाळीच्या आधीच डॉक्टरांशी बोला. एकटं असताना वाटीला न शिवणारा आणि तुम्ही येताच बकाबका खाणारा कुत्राही नुसता भुकेलाच असतो असं नाही, बहुधा त्याला विरह सोसत नाही. मोबाइल कॅमेरा लावून खात्री करा.

मागताच बिस्किट देणं थांबवलं की पहिले काही दिवस भुंकणं वाढतं. चौथ्या दिवशी विरघळून दिलंत, तर जास्त वेळ भुंकलं की मिळतं, एवढंच तो शिकतो. नसबंदी झालेल्या 10 किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 630 किलोकॅलरी लागतात. वरचा खाऊ त्याच्या 10 टक्क्यांत, म्हणजे 63 मध्ये बसवायचा. एक मध्यम चपातीच सुमारे 100 किलोकॅलरीची असते.

म्हणून दिवसाचं खाणं सकाळीच वजनकाट्यावर मोजून एका डब्यात काढा. त्यातला पाव भाग दुमडलेल्या टॉवेलात लपवून हुंगून शोधायला द्या. आजी-आजोबांसकट ज्याला काही द्यायचं असेल, त्याने त्याच डब्यातून द्यावं.